पंगतीला बसताना

अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. मेसचे पैसे थकलेत, महिनाभर नांदेडच्या सचखंड गुरुद्वारातल्या लंगरमध्ये दोन्ही वेळ जेवतोयस आणि आता आपण फुकटे झालो असं वाटून घास घशाखाली उतरत नाही. घरी सांगितलं नाहीस, मला कळवलंस. तेही ठीक.

आधी पोटभर जेव. पंगतीत कुणी तुझी जात, गाव, परीक्षेचे मार्क विचारले का? ते विचारायचंच नाही, म्हणून तर गुरू नानकांनी लंगरची चाल पाडली. अकबर बादशहा पंजाबात गोइंदवालला शिखांचे तिसरे गुरू अमरदास यांच्या भेटीला गेला, तेव्हा त्यालाही आधी पंगतीत बसावं लागलं असं सांगतात. त्यापुढं तुझी मेसची उधारी काय घेऊन बसलास!

पण नुसतं समजावून लाज जात नाही, मला माहीत आहे. जेवण झालं की लगेच बाहेर पडू नकोस. ताटं धुतात तिकडं जा, बाह्या वर कर आणि उभा राहा. तिथं कुणी नाव विचारत नाही, फक्त शेजारचा जरा सरकून जागा करून देतो. गर्दी असेल तर जोडाघरात, चपला ठेवतात तिथं, जा आणि लोकांचे चप्पल-बूट घे. बड्या घरची माणसं तिथं दुसऱ्यांच्या धुळीच्या चपला उचलताना दिसतील.

वाढायला मात्र घाई करू नकोस. तुझ्या वयाचा असताना मी पोळ्यांची टोपली घेऊन ताटात भराभर पोळ्या टाकत सुटलो होतो. एका म्हाताऱ्या सरदारजींनी दोन्ही हात पुढं धरले होते, ते मला दिसलेच नाहीत. पोळी ताटाच्या कडेला आपटून खाली सतरंजीवर पडली. त्यांनी ती उचलली, कपाळाला लावली आणि खाल्ली. मला एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा कळलं, तिथं पोळीला प्रशादा का म्हणतात. तेव्हापासून वाकून हातात देतो.

आणि हे ठिकाण परक्यांचं समजू नकोस. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये इथंच ज्योतीजोत समावले, म्हणजे त्यांनी देह ठेवला, आणि त्याआधी ग्रंथसाहिबालाच गुरुपद देऊन गेले. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळातली. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या शिखांचं मराठी तू बाजारात ऐकलंच असशील. ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याला तीनशे वर्षं झाली, त्या २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्तानं नांदेडचे रस्ते रुंद झाले, हे तर आमच्या डोळ्यांदेखत घडलं. कधी पहाटे लवकर उठलास तर गोदावरीवरून गागर भरून येते ती बघ, रोज त्याच पाण्यानं सेवा होते. कीर्तनात कान दे. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. एखादं कानावर पडलं तर दचकू नकोस.

मेसवाल्याकडं स्वतः जा. हप्ते बांधून घे, तोही पोराबाळांचा माणूस आहे. घरी कळव, आईला दुसऱ्याकडून कळलं तर जास्त लागेल.

रविवारी मी येतोय, जोडाघरापाशी भेट. डोक्याला मोठा रुमाल आण. खिशातल्या हातरुमालाची गाठ ताटं धुताना सुटते आणि ओल्या हातानं ती पुन्हा बांधता येत नाही.

तुझा,
काका