पाच डेव्हलपरांच्या टीममध्ये डेटाबेस डिझाइनचे नियम कसे ठरवावेत?

आपल्या टीममधील पाचही जण टेबले आणि कॉलम आपापल्या पद्धतीने तयार करतात, तेव्हा सर्वांसाठी कोणते लिखित नियम असावेत, असा आपला प्रश्न आहे. मी नागपुरात एका लहान कंपनीत बरीच वर्षे हेच काम करतो आहे. नियम मोजकेच असावेत आणि त्यांपैकी जे डेटाबेसला स्वतः पाळून घेता येतील ते कागदावर न ठेवता त्याच्याकडेच सोपवावेत, असे माझे मत झाले आहे. आमच्याकडेही एकेकाळी नियमांची जाडजूड फाइल होती. नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी दिली जाई आणि दुसऱ्या दिवसापासून ती कोणी उघडत नसे.

नावे सर्वत्र लहान लिपीत (इंग्रजी स्मॉल अक्षरांत) ठेवून शब्द अंडरस्कोरने जोडावेत. यामागे केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेले नाव स्वतःच लहान लिपीत बदलून घेतो, तर मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये लिनक्सवर टेबलाच्या नावातील लहान-मोठी अक्षरे वेगळी मानली जातात आणि विंडोजवर मानली जात नाहीत. त्यामुळे विंडोजच्या लॅपटॉपवर चाललेली क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) लिनक्सच्या सर्व्हरवर अडते. टेबलाचे नाव एकवचनी की अनेकवचनी, यावर मात्र वेळ घालवू नये. काहीही एक ठरवावे.

एककाचा नियम आम्हाला चुकीतून मिळाला. कळमना बाजारातील एका संत्र्याच्या अडत्यासाठी आम्ही आवक नोंदवण्याचे सॉफ्टवेअर केले, त्यात ‘वजन’ असा एकच कॉलम होता. एका सहकाऱ्याच्या स्क्रीनवरून त्यात किलो जात होते, माझ्या स्क्रीनवरून क्विंटल. दोन्ही आकडेच असल्यामुळे डेटाबेसने तक्रार केली नाही. तक्रार अडत्याने केली, तीही हंगाम अर्धा सरल्यावर. तेव्हापासून आम्ही कॉलमच्या नावातच एकक लिहितो: ‘वजन_किलो’, ‘भाडे_रुपये’. त्याच टेबलात बहार, म्हणजे संत्र्याचा हंगाम, मोकळ्या मजकुरात लिहिला जात असल्याने ‘मृग’, ‘मृग बहार’ आणि ‘म्रुग’ असे तीन हंगाम तयार झाले होते. अशा ठिकाणी मृग आणि आंबिया या दोनच नोंदींचे वेगळे टेबल करून फॉरिन कीने, म्हणजे दुसऱ्या टेबलात असलेलीच नोंद स्वीकारणाऱ्या कॉलमने, जोडावे.

पैशांसाठी डेसिमल हा नेमके दशांश साठवणारा प्रकार वापरावा, फ्लोट कधीही नाही, कारण 0.1 सारखी संख्या फ्लोटमध्ये नेमकी साठवता येत नाही. मोबाइल क्रमांक आणि पिनकोड यांची बेरीज कोणी करत नाही, म्हणून ते मजकूर म्हणून ठेवावेत. मराठी नावांबाबत अधिक सावध राहावे. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, आणि ‘लक्ष्मीनारायण’ या शब्दात काना, वेलांटी व हलन्त धरून 13 चिन्हे, म्हणजे 39 बाइट होतात. ओरॅकल या डेटाबेसमध्ये कॉलमची लांबी मूळ सेटिंगनुसार बाइटमध्ये मोजली जाते, त्यामुळे ‘30 पुरेत’ म्हणणाऱ्याचा अंदाज येथे चुकतो. मायएसक्यूएलच्या जुन्या यूटीएफ8 प्रकारात देवनागरी बसते, पण इमोजीला 4 बाइट लागत असल्याने ते बसत नाही. 4 बाइटची चिन्हेही सामावणारा यूटीएफ8एमबी4 हाच नियम करावा.

नॉट नल (रकाना रिकामा नको), युनिक (तीच नोंद पुन्हा नको), चेक (ठरलेली अट पाळलीच पाहिजे) आणि फॉरिन की ही बंधने कोडमध्ये तपासली जातात म्हणून डेटाबेसमधून वगळू नयेत, कारण उद्या कोणी थेट एक्सेलमधून डेटा भरला तर तेथे कोडचा पहारा नसतो. मायएसक्यूएल 8.0.16 पेक्षा जुना असेल तर तो चेकचे बंधन निमूट स्वीकारतो आणि पाळत मात्र नाही. पोस्टग्रेस फॉरिन कीच्या कॉलमवर आपणहून इंडेक्स (नोंदी लवकर शोधण्याची सूची) करत नाही. तो करण्याची आठवण नियमातच असावी.

डेव्हलपमेंटच्या बाजूने एकच नियम मी कडक ठेवतो: सर्व्हरवर हाताने अल्टर (टेबलाची रचना बदलणारी आज्ञा) चालवायचा नाही. प्रत्येक बदल मायग्रेशन फाइल (त्या बदलाच्या आज्ञा लिहिलेली फाइल) म्हणून गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, जातो, दुसरा माणूस तो वाचतो, आणि एकदा चाललेली फाइल न बदलता दुरुस्तीसाठी नवी लिहिली जाते.

हे सर्व नव्या टेबलांपासून सुरू करावे. जुन्या सगळ्यांची नावे एका रात्रीत बदलू नयेत. आम्ही ‘वजन_किलो’ हा नवा कॉलम जोडून जुन्या नोंदी कोणत्या स्क्रीनवरून आल्या ते पाहून तो भरला, तरी ‘वजन’ पुढचे दोन हंगाम टेबलात तसाच होता, कारण अडत्याचे जुने रिपोर्ट त्याच्यावरच चालत होते.