लहानपणचा व्हायरस म्हातारपणी प्रतिकारशक्ती खातो का?

तुम्ही विचारलंय की आईला लहानपणी कांजिण्या झालेल्या, आता ६८ व्या वर्षी नागीण झाली, मग तो व्हायरस इतकी वर्षं अंगातच होता का आणि त्यानेच तिची प्रतिकारशक्ती कमी केली का.

मी डॉक्टर नाही, देवगडात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पहिल्याचं उत्तर हो, अंगातच होता. कांजिण्या सुकतात पण व्हायरस मणक्याजवळच्या नसांच्या मुळांत झोपून राहतो आणि टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या पहारेकरी पांढऱ्या पेशी, त्याला दाबून धरतात, वय झालं की ही पकड सुटते मग तो एका नसेवरून खाली उतरतो, म्हणून तर पट्टा अंगाच्या एकाच बाजूला उठतो. तोंड आणि शेपटी जुळली की माणूस जातो हे आमच्याकडे अजून घरोघरी ऐकायला मिळतं, त्यात काही तथ्य नाही.

म्हणजे तुमच्या आईच्या बाबतीत उलटं झालंय, आधी पहारा सैल पडला मग नागीण आली.

पण पहाराच थकवणारा व्हायरस म्हणाल तर वेगळा आहे, सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. गरोदर बायकांची टॉर्च टेस्ट होते, बाळाला बाधू शकणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी, त्यात तो असतो, आयजीजी (जुन्या संसर्गाच्या अँटीबॉडी) पॉझिटिव्ह बघून नवरा-बायको घाबरून काउंटरवर येतात आणि मी दर वेळी तेच सांगतो की अहो भारतात ९० टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांचं हे पॉझिटिव्हच येतं, जुनी ओळख आहे एवढाच अर्थ, बाकी डॉक्टरना दाखवा. हा बहुतेकांना लहानपणीच होतो, कळतही नाही, आणि जन्मभर जात नाही.

आता हापूसच्या बागेतला राखण्या डोळ्यासमोर आणा. एकाच कोपऱ्यात माकडं रोज येतात, खात फारसं नाहीत पण येतात, म्हणून एकेक करत निम्मे राखणे त्याच कोपऱ्यात जाऊन बसले. सीएमव्ही असंच करतो, अधूनमधून डोकं वर काढतो आणि त्याच्यावरच्या टी-पेशी वाढतच जातात, काही म्हाताऱ्यांत तर सीडी८ पेशींचा (बाधित पेशी मारणाऱ्या टी-पेशींचा) पाव हिस्सा एवढ्या एकाच कामाला. त्यात नवीन राखणे जिथे तयार होतात ती छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी, ती वयात आल्यापासूनच आटत जाते आणि तिथे चरबी भरते. मग नवा आजार आला की त्याला ओळखायला कोरी पेशी शिल्लक कमी.

स्वीडनमध्ये पंच्याऐंशी ओलांडलेल्यांवर अभ्यास झाला, त्यात ज्यांचं सीडी४ (मदतनीस टी-पेशी) ते सीडी८ प्रमाण एकच्या खाली गेलेलं ते जास्त दगावले आणि त्यातले बहुतेक सीएमव्हीवाले होते. पण लगेच सगळं खापर त्याच्यावर फोडू नका, २०१५ च्या एका अभ्यासात सीएमव्ही असलेल्या तरुणांनी फ्लूच्या लशीला उलट जास्त चांगला प्रतिसाद दिला. मला विचाराल तर हा दोषी कमी आणि खर्चिक भाडेकरू जास्त.

सीएमव्हीची लस बाजारात नाही. नागिणीची आहे, शिंग्रिक्स, भारतात २०२३ ला आली, पन्नाशीनंतर दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने, महाग आहे. आईचे फोड पूर्ण बरे झाले की डॉक्टरना विचारा, कारण नागीण परत होऊ शकते.

आमच्या बाबांना झाली तेव्हा आम्ही पाच दिवस गेरूचा लेप लावत बसलो, वाडीतल्या एकाकडून उतरवूनही घेतली, आणि अ‍ॅसायक्लोव्हिर, ह्या व्हायरसवरचं औषध, तर ७२ तासांच्या आत सुरू झालेली बरी असते. फोड तीन आठवड्यांत गेले पण आठ महिने शर्टाचं कापड बरगडीला टेकलं तरी ओरडायचे, पाहुणे आले तरी पडवीत उघडेच. नंतर लस घेतली, दुसऱ्या डोसाला दोन दिवस ताप आणि दंड सुजलेला, तर आमच्या आईला म्हणतात, "ह्याच्यापरास ती नागीण बरी होती." आई काही बोलली नाही, फक्त खुंटीवरचा शर्ट काढून त्यांच्या अंगावर टाकला.