वाचकांचे प्रश्न : परत आलेल्या पार्सलाचे काय करावे?

ऑनलाइन विक्री करणाऱ्या लहान व्यावसायिकांची बरीच पत्रे या वेळी एकाच विषयावर आली आहेत, आणि तो विषय म्हणजे ग्राहकाने परत पाठवलेला माल. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातले प्रश्न चप्पलच काय, साडीपासून साजापर्यंत काहीही विकणाऱ्याला पडणारे आहेत.

प्रश्न : सुभाषनगरात आमचे पिढीजात चप्पल बनवण्याचे काम आहे. दोन वर्षांपासून मुलगा इन्स्टाग्रामवर आणि एका मोठ्या मार्केटप्लेसवर (अनेकांचा माल एकत्र विकणाऱ्या संकेतस्थळावर) विक्री करतो. मागणी चांगली आहे, पण दहा जोड पाठवले की दोन-तीन परत येतात. कारण बहुधा एकच असते, ‘साईज बसत नाही’. काही जोड तर चार दिवस वापरून पाठवल्यासारखे दिसतात. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे बिलावर छापून मोकळे व्हावे, असे मुलाचे म्हणणे आहे. तसे करता येईल का?
— एक वाचक, सुभाषनगर, कोल्हापूर

उत्तर : ती ओळ छापल्याने आपण मोकळे होणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते सांगितले आहे. सदोष माल परत घेण्यास आणि त्याचे पैसे बिलात लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत करण्यास नकार देणे ही त्यांपैकी एक आहे. जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या ई-कॉमर्स नियमांनी मार्केटप्लेसवरच्या विक्रेत्यावर आणखी बंधन घातले. माल सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर पोहोचला असेल, तर तो परत घेण्यास त्याला नकार देता येत नाही. उशीर आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे झाला असेल, तर तेवढी सवलत आहे. बिलाच्या तळाशी ‘न्यायक्षेत्र कोल्हापूर’ असे लिहिण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, पण तिचाही आधार धरू नये. २०१९ च्या याच कायद्याप्रमाणे ग्राहकाला तो जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे नागपूरच्या ग्राहकाने बाराशे रुपयांच्या जोडासाठी तक्रार केली, तर नागपूरची वारी आपल्याला करावी लागू शकते.

माल निर्दोष आहे, वर्णनाबरहुकूम आहे, वेळेत पोहोचला आहे आणि तरीही ग्राहकाचे मन बदलले आहे, ही गोष्ट वेगळी. तिथे परत घ्यावे की न घ्यावे, किती दिवसांत घ्यावे आणि येण्याजाण्याचे भाडे कोणी सोसावे, हे आपण ठरवू शकता. मात्र ते खरेदीच्या आधी, ग्राहकाला दिसेल अशा जागी लिहिलेले असावे. मार्केटप्लेसवर हे स्वातंत्र्यही फारसे उरत नाही, कारण तिथे आपण त्यांचे परतीचे धोरण मान्य करूनच खाते उघडलेले असते. मुलाने तो करार एकदा सावकाश वाचावा. मी पाहिलेल्या विक्रेत्यांपैकी बहुतेकांनी तो पहिला मोठा तोटा झाल्यावर वाचला होता.

आता साईजकडे वळू, कारण आपला खरा तोटा तिथे आहे. समजा एका जोडामागे आपल्याला अडीचशे रुपये सुटतात, आणि परतीच्या एका पार्सलावर दोन्ही बाजूंचे कुरिअर व पॅकिंग मिळून दोनशे रुपये जातात. मग एक परत आलेला जोड एका विकलेल्या जोडाची कमाई जवळजवळ पुसून टाकतो, आणि दहात तीन परत येत असतील तर आपण बराचसा काळ कुरिअरवाल्यासाठीच राबत आहात असे समजायला हरकत नाही. हा खर्च ग्राहकाशी वाद घालून कमी होत नाही. तो पार्सल निघण्याआधी कमी करावा लागतो.

दुकानात गिऱ्हाईक आले की आपण त्याच्या पावलाकडे एकदा पाहता आणि न विचारता तीन जोड समोर ठेवता. ऑनलाइन विकताना ती नजर नसते, तिच्या जागी केवळ ‘७’ हा आकडा असतो, आणि तो पुरेसा नाही. आपल्याकडच्या नंबरात एका नंबराने लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटरने वाढते, तर युरोपीय नंबरात पावणेसात मिलिमीटरच्या आतच. म्हणून ‘४१ म्हणजे ७’ असे तक्ते ढोबळच असतात. शिवाय कोल्हापुरी चपलेला मागे पट्टा नसतो. पाऊल धरून ठेवतात ते चपलेचा अंगठा, म्हणजे पायाचा अंगठा जिच्यात अडकतो ती पट्टी, आणि वरचा पट्टा. लांबी अगदी बरोबर असली तरी चवडा रुंद असेल किंवा पावलाची कमान उंच असेल, तर पट्टा चढतच नाही आणि ग्राहक लिहितो, ‘साईज लहान आहे’. मग आपण एक नंबर मोठा जोड पाठवता, तो टाचेला अर्धा इंच बाहेर राहतो आणि तोही परत येतो.

तेव्हा ग्राहकाकडून नंबर न मागता पाऊल मागावे. संध्याकाळी, कारण दिवसभराच्या चालण्याने पाऊल थोडे फुगलेले असते, कोऱ्या कागदावर पूर्ण भार देऊन उभे राहावे, पेन्सिल सरळ उभी धरून बाह्यरेषा काढावी आणि टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत व चवड्याच्या सर्वांत रुंद भागावर पट्टी ठेवून दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये कळवावीत. दोन्ही पावले क्वचितच सारखी असतात, म्हणून मोठ्या पावलाचे माप धरावे. व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो मागवला तर शेजारी पट्टी ठेवायला सांगावे. मार्केटप्लेसवर अशी देवाणघेवाण करता येत नसेल, तर प्रत्येक नंबराच्या सोलाची (तळाची) लांबी व रुंदी सेंटिमीटरमध्ये देणारा तक्ता फोटोंमध्ये दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. सातव्या फोटोपर्यंत कोणी जात नाही.

नवी कोल्हापुरी पहिल्या दिवशी कडक लागते, पट्टा वापराने सैल होतो, हे आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे. पुण्या-बंगळुरात पहिल्यांदा घेणाऱ्याला ते ठाऊक नसते आणि तो पहिल्याच संध्याकाळी परतीचे बटण दाबतो. ही माहिती चार ओळींत मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून जोडावरच ठेवावी. रंगाचेही तसेच आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याचा रंग प्रत्येक कातड्यागणिक थोडा निराळा येतो आणि तेलाने गडद होतो. मी स्वतः काही वर्षे चामड्याच्या पिशव्या ऑनलाइन विकल्या, आणि पहिल्या खेपेचे फोटो मावळतीच्या उन्हात काढले होते. फोटोत त्या तांबूस, देखण्या दिसत होत्या. प्रत्यक्षात फिक्या होत्या. त्या महिन्यात परत आलेल्या पिशव्यांनी माझी एक खोली भरली होती, आणि दोष एकाही ग्राहकाचा नव्हता. फोटो सावलीत, सकाळच्या उजेडात काढावेत.

‘अस्सल कोल्हापुरी’ हे शब्दही जपून वापरावेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड व विजापूर या जिल्ह्यांपुरते आहे. आपला माल त्यात बसतोच; पण एखाद्या स्वस्त जोडात रेक्झिनचा थर किंवा रबरी तळ असेल, तर त्याचे वर्णन वेगळेच लिहावे. ‘संपूर्ण चामड्याची’ असे लिहून तसा जोड पाठवला, तर तो वर्णनाशी विसंगत माल ठरतो आणि ग्राहकाने परत पाठवल्यास तक्रार करायला आपल्याला जागा राहत नाही. पोहोचण्याच्या मुदतीचेही तेच. हाताने शिवायला दहा दिवस लागणार असतील, तर ‘चार दिवसांत घरपोच’ असे कबूल करू नये.

वापरून परत पाठवलेल्या जोडांसाठी एक जुना, साधा उपाय आहे. दोन्ही चपला सुमारे वीतभर लांबीच्या दोऱ्याने एकमेकींना बांधून पाठवाव्यात आणि ‘दोरा न कापता सतरंजीवर उभे राहून घालून पाहावे, दोरा कापल्यावर मापाच्या कारणाने परत घेता येणार नाही’ असे खरेदीच्या पानावर आणि पार्सलातही लिहावे. दोरा असताना उभे राहता येते, चालता येत नाही. जोड परत आला की तळापेक्षा चपलेचा अंगठा आधी पाहावा. तळ पुसून पाठवता येतो, पण अंगठ्याच्या आतल्या बाजूला घामाचा काळसर डाग पडला असेल तर तो चामड्यात मुरलेला असतो. मात्र शिलाईची वादी उसवली असेल किंवा पट्टा तुटला असेल, तर दोरा कापला आहे की नाही हे पाहू नये. तो सदोष माल आहे, परत घ्यावा आणि पैसे द्यावेत.

पावसाळ्यात परतीचे पार्सल आठ-दहा दिवस कुठल्याशा गोदामात पडून राहते आणि बंद प्लास्टिकमधल्या चामड्यावर बुरशी धरते. म्हणून आत कागद व कापडी पिशवी आणि बाहेरूनच प्लास्टिक वापरावे. असा जोड आला तर तो सावलीत वाळवावा, उन्हात नको, नाहीतर चामडे कडक होऊन वाकडे होते. मग ब्रशने झाडून तेलाचा हात द्यावा. हा जोड पुन्हा ‘नवा’ म्हणून पाठवू नये. घरच्या दुकानात, परत आलेला आहे असे सांगून, कमी किमतीत द्यावा. कोल्हापूरचे गिऱ्हाईक असा जोड आनंदाने घेते, आणि घासाघीसही करते.

प्रश्न : मी हुपरीच्या चांदीच्या पैंजणांची ऑनलाइन विक्री करते. ग्राहकाने परत पाठवलेल्या डब्यात माझे पैंजण नव्हते, पांढऱ्या धातूचे हलके पैंजण होते. मार्केटप्लेसने पुरावा अपुरा म्हणून माझा दावा फेटाळला. काय करता येईल?
— एक वाचक भगिनी, हुपरी

उत्तर : या दाव्यासाठी आपण अपील करू शकता. त्यासोबत पाठवतानाचे वजन, परतीच्या पार्सलावर कुरिअरने नोंदवलेले वजन आणि आलेल्या वस्तूचे काट्यावरचे वजन ही तिन्ही जोडावीत. वजनातली तफावत पुष्कळदा फोटोपेक्षा जास्त बोलते. पुढच्या वेळी जाताना आणि येताना दोन्ही वेळा चित्रण करावे. जाताना पैंजण काट्यावर, काट्याचा आकडा वाचता येईल असे, आणि त्याच चित्रणात डबा बंद होऊन लेबल लागेपर्यंत. येताना आधी लेबल व चिकटपट्टी चारही बाजूंनी दाखवावी आणि मग कॅमेरा न थांबवता पार्सल उघडून वस्तू काट्यावर ठेवावी. चित्रण मध्येच थांबले तर ते असून नसल्यासारखे. चिकटपट्टी उघडलेली दिसली, तर कुरिअरच्या माणसासमोर पोचपावतीवर तसे लिहूनच सही करावी. दावा दाखल करण्याची मुदत प्रत्येक मार्केटप्लेसची वेगळी आणि सहसा थोड्याच दिवसांची असते, तेव्हा परतीचे पार्सल ‘रविवारी निवांत उघडू’ म्हणून ठेवू नये.

आपण जीएसटीत नोंदणीकृत असाल तर आणखी एक काम राहते. परत आलेल्या मालासाठी क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याची नोंद) काढावी, म्हणजे त्यावर भरलेला कर समायोजित होतो. ती ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवरच विवरणात दाखवता येते.

प्रश्न : मी घरी केलेली कांदा-लसूण चटणी कुरिअरने पाठवते. पैसे पार्सल मिळाल्यावर घेते. काही लोक दारात पार्सल नाकारतात आणि माझा माल महिन्याने परत येतो. मुलगी म्हणते हे ‘आरटीओ’ झाले. मला तर आधी वाटले गाडीचे काहीतरी आहे.
— एक गृहिणी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : कुरिअरच्या भाषेत पाठवणाऱ्याकडे उलट आलेल्या पार्सलाला ‘आरटीओ’ म्हणतात, आपल्याप्रमाणे अनेकांना आधी वाहन परवान्याचे कार्यालयच आठवते. खाण्याचा जिन्नस एकदा हातातून गेला की तो पुन्हा विकू नये, डबा बंद असला तरी. वाटेत किती उन्हात राहिला ते आपल्याला कळत नाही. म्हणून नव्या ग्राहकाकडून निदान जाण्याचे भाडे आगाऊ घ्यावे. ज्याने पन्नास-साठ रुपये आधी दिले आहेत, तो दारात नाही म्हणायला कचरतो. पार्सल निघण्यापूर्वी एक फोन करून पत्ता आणि घरी कोण असेल ते विचारावे. दोनदा नाकारणाऱ्याला पुढे आगाऊ पैसे घेतल्याशिवाय काही पाठवू नये. तेल पाझरल्याची तक्रार मात्र खरी धरावी आणि न भांडता नवी बाटली द्यावी. झाकणाखाली सील लावून बाटली आडवी ठेवून एक रात्र तपासली, तर अशा तक्रारी बऱ्याच कमी होतात.

प्रश्न : एका ग्राहकाने माल परत करतो म्हणून फोन केला, आणि ‘रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा’ असे सांगितले. मी स्कॅन केला नाही. बरोबर केले का?
— एक वाचक, गांधीनगर

उत्तर : अगदी बरोबर केलेत. खरा रिफंड देतानासुद्धा ग्राहकाने ज्या मार्गाने पैसे दिले होते त्याच मार्गाने, म्हणजे पेमेंट गेटवेच्या किंवा मार्केटप्लेसच्या रिफंडच्या सोयीतूनच, तो द्यावा. फोनवर सांगितलेल्या नव्या नंबरावर किंवा पाठवलेल्या क्यूआरवर नाही. माल हातात येऊन तपासून होईपर्यंत पैसे पाठवण्याची घाई करू नये. ‘चुकून जास्त पैसे पाठवले, उरलेले परत करा’ असे कोणी म्हणाले, तर आलेला एसएमएस न पाहता बँकेच्या खात्यात रक्कम खरोखर जमा झाली आहे का ते आधी पाहावे. आणि यूपीआयचा पिन पैसे घेताना कधीच लागत नाही, तो देताना लागतो. कोणी पैसे मिळवण्यासाठी पिन मागितला तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच असतील, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.