दुधातली की काळी, आधी ते सांगा

प्रश्न : माझं वय ६४. आमच्याकडे कॉफी म्हणजे दुधात पूड-साखर घालून आणलेली उकळी आणि वर किसलेलं जायफळ. मुलगा बंगळुरूला असतो. त्याने चिकमगळूरच्या मळ्यातली, हलकी भाजलेली अरेबिका कौतुकाने आणून दिली. आमच्या पद्धतीने केली तर पुळकवणी लागली, त्याच्या पद्धतीने काळी प्यायले तर आंबट. तो म्हणतो, "आई, चव लावून घ्यावी लागते." या वयात लावून घ्यायची का? की मला चांगल्या कॉफीतलं कळतच नाही? — एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्हाला कॉफीतलं चांगलं कळतं. दोन्ही वेळा तुमच्या जिभेने जे सांगितलं ते अगदी बरोबर आहे. मुलाने आणलेली कॉफीही बरोबर आहे. फक्त ती दुधासाठी भाजलेली नाही.

पुण्यात आमचं कॉफी भाजून, दळून द्यायचं दुकान आहे. "तुमच्याकडची सगळ्यात चांगली द्या" असं म्हणत गिऱ्हाईक आलं की मी डब्याला हात लावत नाही, आधी विचारते : दूध घालणार की नाही? याचं उत्तर मिळाल्याशिवाय चांगली कुठली ते सांगताच येत नाही. डोंगरउतारावर सावलीत वाढलेल्या अरेबिकाचा वास नाजूक असतो आणि हलक्या भाजणीत तिचा आंबटपणा टिकून राहतो. मोसंबीत गोडीबरोबर जो आंबटपणा असतो, तसा. दुधातली स्निग्धता आणि प्रथिनं हे सगळं झाकून टाकतात. मग हाती उरतं तपकिरी रंगाचं गोड दूध. अरेबिका ही कॉफीची एक जात, रोबस्टा ही दुसरी. रोबस्टा दुधाखाली दबत नाही. तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, चव जाड आणि कडवट असते, आणि नीट भाजली तर तो कडवटपणा दुधात छान खुलतो. आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे ७० टक्के रोबस्टाच असते. तिला कमी दर्जाची समजणं मला मुळीच पटत नाही.

तेव्हा तुम्ही दुकानात जाऊन असं मागा : दोन भाग 'प्लांटेशन', एक भाग रोबस्टा, भाजणी मध्यमपेक्षा गडद. आपल्याकडच्या व्यापारात 'प्लांटेशन' म्हणजे गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका. फळासकट वाळवली की तिला 'चेरी' म्हणतात. पुढे लावलेली ए, बी ही अक्षरं मुख्यतः दाण्याच्या आकाराची असतात, त्यांना परीक्षेतले गुण समजू नका. 'पीबेरी' म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरली ती. ती एकसारखी भाजली जाते म्हणून आम्हाला आवडते, पण दूध आणि जायफळ घातल्यावर त्यासाठी जास्त पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

आता चिकोरी. हे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. त्याने डिकॉक्शन, म्हणजे पाण्यात उतरवलेला कॉफीचा अर्क, दाट आणि काळं होतं, करपलेल्या साखरेसारखी एक गोडसर चव येते, आणि पूडही स्वस्त पडते. अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावीच लागते आणि चिकोरी किती टक्के ते पाकिटावर छापावं लागतं. तेवढी ओळ वाचून घ्या, कारण एकाच कंपनीच्या दोन पाकिटांत या आकड्याचा मोठा फरक असतो. माटुंग्याच्या जुन्या कॉफीच्या दुकानांत गिऱ्हाईक आपलं चिकोरीचं प्रमाण तोंडपाठ सांगतं. तसं तुमचं प्रमाण तुम्हाला सापडलं पाहिजे. त्यासाठी तीच कॉफी शंभर ग्रॅम बिनचिकोरीची आणि शंभर ग्रॅम २० टक्के चिकोरीची आणा. दोन्ही एकाच वेळी करा, दोन कपांत ओता आणि शेजारी ठेवून आलटूनपालटून घोट घ्या. आज एक आणि उद्या दुसरी प्यायलात तर कालची चव आठवणीत राहत नाही आणि फरक कळत नाही. माझा अंदाज असा की जायफळामुळे तुम्हाला कमी चिकोरीची आवडेल. जायफळ आणि चिकोरी दोन्ही जोरात असली की कॉफीचा वास मागे पडतो. पण हा माझा अंदाज आहे, निकाल तुमचे दोन कप देतील.

एक बदल मात्र करून पाहाच. पूड थेट दुधात उकळू नका. दुधात ती पाण्याइतकी नीट उतरत नाही, आणि उतरवायला म्हणून आपण उकळत राहतो तर वास उडून जातो. दक्षिणेकडे वापरतात त्या दोन भांड्यांच्या कॉफी फिल्टरच्या वरच्या, भोकं असलेल्या भांड्यात तीन मोठे चमचे पूड घाला, चकतीने अलगद दाबा, उकळी येऊन किंचित थांबलेलं पाणी ओता आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. खाली जमलेलं डिकॉक्शन एक भाग, कडकडीत दूध तीन भाग, मग साखर, आणि जायफळ अगदी शेवटी, कपावर. फिल्टर नसेल तर पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करा, पूड घाला, पाच मिनिटं झाकून ठेवा आणि फडक्याने गाळून घ्या.

मुलाने आणलेली कॉफी टाकून देऊ नका. ती काळी करताना जरा बारीक दळलेली आणि चांगल्या गरम पाण्यातली असू द्या. पाण्यात कॉफीतली आम्लं सगळ्यात आधी उतरतात, गोडवा मागाहून येतो. घाईत गाळली की नुसता आंबटपणा कपात येतो. एवढं करूनही आवडली नाही, तर ती खुशाल मुलाला पिऊ द्या. चव लावून घेण्याची सक्ती कुणी करू नये, आणि मुलाने तर आईवर मुळीच नाही.

प्रश्न : मी डोंबिवलीत राहतो, नुकतीच नोकरी लागली आहे. फ्रेंच प्रेस (जाळीच्या दट्ट्याने पूड खाली दाबून कॉफी गाळायचं भांडं) घेतला आणि दुकानातून फिल्टर कॉफीची पूड आणली. कॉफी कडू होते आणि तळाशी चिखल राहतो. महागाच्या बिया घेऊ का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अजून बिया बदलू नका, आधी दळण बदला. फिल्टरची पूड बारीक असते. ती प्रेसमध्ये चार मिनिटं पाण्यात बुडून राहिली की कडवटपणा शेवटच्या थेंबापर्यंत उतरतो, आणि जाळीतून निसटलेली भुकटी म्हणजे तुमचा चिखल. त्यातून बहुतेक फिल्टर पुडींत चिकोरी असते, ती प्रेसमध्ये नकोच. दुकानदाराला "प्रेससाठी, जाड्या रव्यासारखं दळा" म्हणून सांगा. २५० मिली पाण्याला १५ ग्रॅम पूड घ्या, आणि पहिले काही दिवस स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजाच. चमच्याने मोजलं तर रोज वेगळी कॉफी होते आणि आपल्याला काय आवडतं ते कधीच ठरत नाही.

त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदला. तरीही कडू लागली तर भाजणी एक पायरी हलकी घ्या. आंबट लागली तर एक पायरी गडद, किंवा दळण थोडं बारीक. कडू नाही, आंबट नाही, पण पाणचट आहे, तर पूड दोन-तीन ग्रॅमने वाढवा. कॉफी कप निम्मा झाल्यावर, जरा कोमट असताना चाखा. कडकडीत असताना जिभेला फारसं काही कळत नाही.

बियांचं म्हणाल तर एकाच भाजणीच्या तीन आणा, प्रत्येकी अगदी थोड्या. एक धुतलेली चिकमगळूर अरेबिका, चव स्वच्छ आणि हलकी आंबट. एक फळासकट वाळवलेली, तिला पिकल्या फळाचा, कधी आंबूस वास येतो. काहींना तो फार आवडतो, मला दुसऱ्या कपात नकोसा होतो. आणि तिसरी मॉन्सून्ड मलबार. ही पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत दमट वाऱ्यावर पसरून ठेवतात. दाणे फुगतात, फिकट पिवळे होतात आणि आंबटपणा जवळजवळ निघून जातो. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना कित्येक महिन्यांच्या प्रवासात बियांचं हेच व्हायचं. पुढे आगबोटी आल्या, प्रवास लहान झाला, पण गिऱ्हाइकांना ती जुनीच चव हवी होती, म्हणून तो परिणाम किनाऱ्यावरच घडवून आणायला लागले. आंबट नको असणाऱ्याला मी पहिल्यांदा हीच देते. या तिघींपैकी कुठल्या कपाकडे तुमचा हात पुन्हा गेला ते लिहून ठेवा. पुढची खरेदी त्यावरून करा, पाकिटावरच्या वर्णनावरून नको.

प्रश्न : महाराष्ट्रात कॉफी पिकते का? आणि पूड फ्रिजमध्ये ठेवावी का? — एक वाचक, अकोला

उत्तर : तुमच्या जवळच पिकते, अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला. तिकडे गेलात तर तिथली थोडी जरूर आणा, दूध न घालता एकदा प्या आणि चव मला कळवा.

पूड फ्रिजमध्ये नको. ती ओल आणि शेजारच्या कांद्या-लसणाचा वास दोन्ही ओढून घेते. घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांब, अंधाऱ्या कप्प्यात ठेवा. दळलेली पूड पंधरा दिवसांत संपेल एवढीच आणा, आणि घेताना भाजल्याची तारीख विचारा.