अंतराळावर प्रकल्प करायचाय, पण विषय सुचत नाही?

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनाच्या तारखा लागल्या की नागपूरभरातून तेच ते प्रश्न येतात. त्यातले काही इथे घेतो.

मुलगी सातवीत आहे. चांद्रयान-3चं थर्माकोलचं मॉडेल चालेल का? (एक पालक, मानेवाडा)

नुसतं मॉडेल नको. 23 ऑगस्ट 2023ला विक्रम लँडर पॅराशूटशिवाय का उतरवला, हे तिला आधी विचारा. चंद्रावर पॅराशूट फुगवायला हवाच नाही, म्हणून इंजिनांच्या जोरावर वेग कमी करावा लागला. हे तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तरच मॉडेलला हात लावा.

ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसतो, असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. तो विषय घेऊ का?

नाही. तो मेसेज खोटा आहे.

बर्डीवर सूर्यमालेचं फिरतं मॉडेल तयार मिळतं. मुलाला ट्यूशनमुळे वेळ नसतो. घेऊन टाकू का?

घेऊ नका. दुकानदार ‘बक्षीस पक्कं’ म्हणून विकतात. परीक्षकाने पहिला प्रश्न विचारला की पोरगं आईकडे बघतं. शिवाय ते मॉडेलच चुकीचं असतं! त्यात मंगळ आणि गुरू एकमेकांना घासून फिरतात.

मुलाला हिशोब करू द्या. 1 सेंटीमीटर म्हणजे 1 लाख किलोमीटर धरा. सूर्य 14 सेंटीमीटरचा चेंडू होतो, पृथ्वी मोहरीच्या दाण्याएवढी आणि ती सूर्यापासून 15 मीटर दूर. गुरू जेमतेम दीड सेंटीमीटरचा, तोही 78 मीटरवर. नेपच्यून 450 मीटरवर, म्हणजे शाळेच्या फाटकाबाहेर! मैदानात टेप धरून ही अंतरं मोजली, रस्त्याचा नकाशा काढून तक्त्यावर लावला, की झाला प्रकल्प. खर्च जवळजवळ नाहीच. त्या रिकाम्या अंतराचा धक्का मुलाला स्वतः चालूनच बसतो, विकतच्या मॉडेलमध्ये तो मिळत नाही. मात्र प्रमाण ठरवलं की आधी विज्ञानाच्या शिक्षकांकडून तपासून घ्या.

सूर्यावरचे डाग जुन्या एक्स-रे फिल्ममधून बघता येतात ना?

अजिबात नाही. काजळी धरलेली काच नको, गॉगलही नको. डोळ्याचा पडदा भाजतो आणि भाजताना दुखतसुद्धा नाही. सूर्याकडे पाठ करून उभा राहा. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाड, त्यातून येणारा उजेड सावलीत ठेवलेल्या पांढऱ्या कागदावर घे. कागद 2 मीटरवर असेल तर साधारण 18-19 मिलिमीटरचा गोल पडतो. त्यावरून सूर्याचा व्यास काढता येतो. डाग यात दिसणार नाहीत. त्यासाठी गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात जाऊन विचार. हे सगळं मोठ्यांच्या देखरेखीतच.

नववीत आहे. लोणारवर काही करता येईल?

उत्तम विषय. ते विवर अशनी आदळून बेसाल्ट खडकात झालेलं आहे, व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. परातीत मैदा पसर, एकच गोटी वेगवेगळ्या उंचीवरून टाक, प्रत्येक उंचीवरून तीनदा, आणि खड्ड्यांची रुंदी मोज. खरी टक्कर स्फोटासारखी असते, गोटीची तशी नसते, हेही तक्त्यावर लिही. भूगोलाच्या सरांना एकदा दाखव.

प्रदर्शन शनिवारी आहे, अजून काहीच ठरलं नाही!

इतका उशीर का केलास? आता गच्चीवर मीटरभराची काठी सरळ उभी कर. साडेअकरापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण कर. सर्वांत लहान सावली पडते ती नागपूरची खरी दुपार, आणि त्या सावलीची रेघ उत्तर-दक्षिण. 22 डिसेंबरच्या आसपास ही सावली काठीएवढीच, 98-99 सेंटीमीटर भरते. आजच शिक्षकांना विचारून घे आणि उद्या मोजायला लाग.