वूलिचच्या फेरीबोटींवरील नावे

प्रश्न : लंडनमध्ये वूलिच येथे थेम्स नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटींच्या जुन्या छायाचित्रांत ‘जॉन बर्न्स’, ‘अर्नेस्ट बेव्हिन’ आणि ‘जेम्स न्यूमन’ अशी नावे दिसतात. ही माणसे कोण होती आणि राजघराण्यातील नावे सोडून त्यांचीच नावे बोटींना का दिली गेली?

उत्तर : या तिन्ही बोटी १९६३ मध्ये सेवेत आल्या. न्यूमन हे वूलिचचे महापौर होते आणि त्यांचे नाव बहुतांशी त्या परिसरापुरतेच राहिले. उरलेले दोघे मात्र ब्रिटनच्या कामगार चळवळीतील मोठे पुढारी होते. ही फेरी २३ मार्च १८८९ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षी लंडनच्या गोदी कामगारांनी ताशी सहा पेन्स मजुरीसाठी जो संप केला, त्याच्या नेत्यांत बर्न्स आघाडीवर होते. पुढे १९०५ मध्ये ते मंत्रिमंडळात गेले आणि १९१४ मध्ये युद्धात उतरण्याच्या निर्णयामुळे त्यांनी मंत्रिपद सोडले. थेम्सला ‘द्रवरूप इतिहास’ म्हणणारे ते हेच, त्यामुळे बोटीला त्यांचे नाव शोभते.

बेव्हिन पुढे परराष्ट्रमंत्री झाले आणि अखेरच्या काळात वूलिचच्याच पूर्व मतदारसंघाचे खासदार होते; परंतु त्यांची खरी ओळख १९२० च्या चौकशीतून पटते. गोदी कामगाराला किती मजुरी पुरेल याचा हिशेब एका संख्याशास्त्रज्ञाने मांडला, तेव्हा बेव्हिन यांनी त्या हिशेबात बसेल तेवढेच अन्न विकत आणून, थाळ्यांत वाढून चौकशी मंडळापुढे ठेवले. दिवसभर ओझी वाहणाऱ्या माणसाच्या वाट्याला येणारा तो घास पाहिल्यावर आकडेमोडीचे फारसे काही उरले नाही.

राजघराण्याचा प्रश्न इथे फारसा उद्भवत नाही, कारण ही फेरी मुळात करदात्यांच्या तक्रारीतून जन्मली. पश्चिम लंडनमधील पूल सर्वांच्या करातून टोलमुक्त झाले, मग आम्हालाही नदी फुकट ओलांडता आली पाहिजे, असा पूर्वेकडील रहिवाशांचा आग्रह होता. आजही या फेरीला भाडे नाही. तरीही पहिल्या बोटींवर कामगारांचे नाव नव्हते. शस्त्रागार आणि तोफखान्याच्या या गावाने तेव्हा वूलिचमध्येच जन्मलेले सेनापती गॉर्डन, तोफखान्यातील अधिकारी डंकन आणि तेथील लष्करी अकादमीत गणित शिकवणारे हटन यांची नावे निवडली. हा क्रम १९३० मध्ये बदलला, जेव्हा बालपणी अनाथ-निराधारांच्या ‘वर्कहाउस’मध्ये राहिलेल्या आणि १९०३ मध्ये वूलिचमधून मजूर पक्षातर्फे निवडून आलेल्या विल क्रूक्स यांचे नाव एका बोटीला मिळाले.

आपल्या छायाचित्रांतील तिन्ही बोटी २०१८ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या दोन बोटींपैकी एकीला जवळच्या ईस्ट हॅममध्ये जन्मलेल्या गायिका डेम व्हेरा लिन यांचे, तर दुसरीला २०११ मध्ये याच फेरीवर काम करताना मृत्युमुखी पडलेल्या एका तरुण खलाशाचे नाव आहे.