सगळ्या विषयात 35, दरवर्षी तीच बातमी कशी?

प्रश्न: ताई, दहावीचा निकाल लागला की "पठ्ठ्याला सगळ्या विषयात 35" ही बातमी येतेच. आमच्या फॅमिली ग्रुपवर तीन वेळा आली, गावं तीन वेगळी. जुनीच फिरवतात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: दादा, बहुतेक वेळा मुलगा खरंच वेगळा असतो, बातमीचा साचा तेवढा तोच. पासिंग 35 ला, त्यात एक-दोन मार्कांनी राहिलेल्याला ग्रेस मिळतात, म्हणजे बरोबर 35 वर येणारी मुलं दरवर्षी असणारच, 2025 ला तर 94.10 टक्के पास झाले. आणि बोर्डाने गुणवत्ता यादी बंद केल्यापासून "राज्यात पहिला" अशी बातमीच उरली नाही, 100 टक्केवालेही 2025 ला 211 होते, मग बातमीदाराला एकटा, लक्षात राहणारा चेहरा सापडतो तो काठावर पास झालेल्याचा.

मी काही वर्षं एका पोर्टलच्या डेस्कवर होते. दुपारी एकला निकाल, चारपर्यंत तालुक्याचा बातमीदार ग्रुपवर फोटो टाकणार, आई पेढा भरवतेय आणि पोराने मार्कशीटची प्रिंट छातीशी धरलीय. आम्ही हेडिंग लावायचो, अर्ध्या तासात बाकीची पोर्टल्स तेच उचलायची, गावात कोणीच फोन करायचं नाही, मग रील्सवाले घेतात आणि तिथे तारीख गळते, म्हणून कधीकधी पुढच्या वर्षी तीच बातमी परत ताजी होऊन येते. निकाल 2023 ला 2 जूनला लागला, 2024 ला 27 मेला, 2025 ला 13 मेला, त्यामुळे "कालच निकाल लागला" वाचलं की मूळ बातमीची तारीख बघा, लगेच कळतं.

पण मला खरी काळजी त्या प्रिंटची वाटते. त्यावर सीट नंबर असतो, आईचं नाव असतं, मुलगा पंधरा-सोळाचा, आणि खाली कमेंटमध्ये लोक त्याच्या अकलेवर बोलतात. एका आईने आम्हाला फोन केला होता, फोटो काढा म्हणाली, पोरगा कॉलेजला जायला तयार नाही. आमच्याकडचा मी दहा मिनिटांत काढला, बाकीच्यांना मेल टाकले, दोघांनी काढला, रील्स मात्र तशाच राहिल्या.